पाच भावांचं कोडं

पोरांनो, आधी एक कोडं घालतो. पाच भाऊ आहेत. एकाच दिवशी जन्मले, एकाच घरात वाढले. दोघांना भरघोस दाढी, दोघांचे गाल तुळतुळीत, आणि पाचव्याला दाढी आहे ती एकाच गालावर. ओळखा, कोण?

युरोपातल्या आज्या-आजोबांनी हे कोडं शेकडो वर्षं आपल्या नातवंडांना घातलं. उत्तर मात्र आपल्या कोलाडच्या परसातही सापडतं. देशी गुलाबाची उमलायला आलेली कळी घ्या. तिला खालून धरून ठेवणारी पाच हिरवी पानं दिसतील. शाळेच्या पुस्तकात त्यांना निदलं म्हणतात. आता कळी बोटांत हळूहळू फिरवा आणि एकेक निदल बघा. दोघांच्या दोन्ही कडांना बारीक हिरवी झालर असेल. दोघांच्या कडा साफ, नुसती मऊ पांढुरकी लव. आणि एकाच्या एका कडेला झालर, दुसरी कड कोरी. हेच ते पाच भाऊ.

असं का होतं, तेही सांगतो. गुलाब आपली निदलं एका दमात मांडत नाही. आधी एक येतं. मग पूर्ण फेरीच्या दोन पंचमांश अंतर पुढे जाऊन दुसरं, तेवढंच पुढे तिसरं, अशी पाच निदलं दोन फेऱ्यांत बसतात. पहिली दोन सगळ्यांत बाहेर राहतात, त्यांच्या दोन्ही कडा मोकळ्या. शेवटची दोन आत दाबली जातात, त्यांच्या दोन्ही कडा झाकलेल्या. तिसऱ्याची एक कड शेजाऱ्याखाली जाते आणि दुसरी बाहेर राहते. मोकळ्या कडेला वाढायला जागा मिळते, तिथे झालर फुटते. झाकलेल्या कडेला ती मिळत नाही. कळी धरताना तुम्ही तिथे नव्हता, मीही नव्हतो. तरी कोण आधी आलं आणि कोण मागून, हे आज कडा बघून सांगता येतं.

धाकटी लगेच म्हणेल, ‘आजोबा, आमच्या कुंडीतल्या गुलाबाला असं काही दिसत नाही.’ खरं आहे. नव्या संकरित जातींपैकी काहींची झालर फार बारीक झाली आहे, काहींची जवळजवळ गेलीच आहे. म्हणूनच एक झाड बघून भागत नाही. एका झाडापाशी प्रश्न पडतो. दहा झाडं शेजारी-शेजारी बघितली की उत्तर सुचायला लागतं. आणि दहा तऱ्हेचे गुलाब प्रत्येकाच्या दारात कुठून असणार? त्यासाठी सगळ्यांना आत जाता येईल अशी बाग लागते.

आपल्याला जवळची अशी जुनी बाग म्हणजे पुण्याची एम्प्रेस गार्डन. सुतारवाडी, विळे, ताम्हिणी घाट, मुळशी करत पुण्याला पोचायचं आणि रेसकोर्सच्या बाजूला जायचं. ३९ एकरांची ही बाग लष्कराच्या छावणीलगत वाढली. १८७६ साली राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब मिळाला, त्यावरून बागेला हे नाव पडलं. ती सांभाळणारी संस्था बागेच्या नावाहूनही जुनी. अ‍ॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० साली मुंबईत स्थापन झाली. भायखळ्याची राणीची बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लोकांसाठी उघडली, तिच्या उभारणीतही याच संस्थेचा हात होता. राजे-सरदारांच्या बागा त्याआधीही होत्या, पण तिथे भिंतीआडचं फूल सामान्य माणसाला दिसत नसे. तिकीट काढून कुणीही आत जावं, झाडापाशी उभं राहावं, माळ्याला प्रश्न विचारावा, ही सोय मोठी आहे.

एम्प्रेस गार्डनमध्ये दर वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास फुलांचं प्रदर्शन भरतं. लोकांनी घरी वाढवलेले गुलाब तिथे रांगेने मांडलेले असतात. नेमक्या त्याच दिवशी फूल नेमकं उमललेलं कसं असतं, याचं तुम्हाला नवल वाटेल. ते माळ्याचं गणित आहे. आपल्याकडे ऑक्टोबरात गुलाबाची मोठी छाटणी करतात. छाटल्यावर डोळा फुटून, फांदी वाढून, कळी धरून फूल उमलायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात, थंडी जास्त असली तर थोडे अधिक. म्हणून प्रदर्शनाला फूल पाठवणारा माणूस कॅलेंडरवर उलटं मोजत येतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पुन्हा हलकी छाटणी करतो. कात्री चालवायची ती बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरकी. म्हणजे नवी फांदी झाडाबाहेर जाते आणि मधे हवा खेळते.

ही हवा खेळण्याची गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची आहे. पुण्यात वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या अलीकडे, आपल्या बाजूला, तीन हजारांच्या पुढे. आषाढात आपला गुलाब कसा दिसतो, आठवा. पानांवर काळे डाग, डागाभोवती पिवळं कडं, आणि झाडाखाली पानांचा सडा. ती एक बुरशी आहे. पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की तिचे बीजाणू रुजतात आणि पानात शिरतात. कोलाडच्या पावसात पान सात दिवससुद्धा सुकत नाही. त्यामुळे ‘आपल्याकडे गुलाब होत नाही’ असं कुणी म्हणालं तर खचू नका. गळलेली पानं उचलून जाळा, झाड उंच वाफ्यावर किंवा पागोळीच्या आत ठेवा, पाणी मुळाशी घाला, पानांवर नको. दिवाळीनंतर तेच झाड फुलायला लागतं.

आता मुख्य गोष्ट. गुलाब वर्षभर फुलतो, हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की त्यात काही विशेष वाटत नाही. पण अडीचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या माणसाला ती अशक्य गोष्ट वाटली असती. तिथले बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलायचे आणि मग थेट पुढच्या वर्षी. चीनमध्ये मात्र बागांतून असे गुलाब होते की जे पुन्हा-पुन्हा फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीला ते जहाजांतून युरोपात पोचले. ही जहाजं कलकत्त्यावरून जात, म्हणून फ्रेंच लोक या चिनी गुलाबांना बंगालचे गुलाब म्हणू लागले.

मग हिंदी महासागरातल्या एका बेटावर फार गमतीची गोष्ट घडली. आज त्या बेटाला रियुनियन म्हणतात, तेव्हा त्याचं नाव बूर्बाँ होतं. तिथले शेतकरी शेताला गुलाबाचं कुंपण घालत. एका ओळीत चिनी गुलाब, तर दुसऱ्या ओळीत सुगंधी दमास्क गुलाब. १८१७ च्या सुमारास त्या कुंपणात एक वेगळंच रोप आढळलं. कुणी मुद्दाम संकर केला नव्हता. दोन ओळींमध्ये ये-जा करणाऱ्या मधमाश्यांनी तो केला होता. ब्रेऑन नावाच्या वनस्पतितज्ज्ञाने त्याचं बी पॅरिसला पाठवलं आणि त्यातून बूर्बाँ गुलाबांचं घराणं निघालं. आपल्याकडे गुलकंदासाठी जो ‘एडवर्ड’ गुलाब लावतात, तो याच घराण्यातला. पुढे १८६७ साली फ्रान्समधल्या ग्यो नावाच्या बागाइतदाराने ‘ला फ्रान्स’ ही जात आणली. आजच्या फुलवाल्याकडच्या लांब दांड्याच्या गुलाबांची सुरुवात तिच्यापासून मानतात.

चिनी गुलाबाला हे बारमाही फुलणं कुठून मिळालं? याचं उत्तर सापडायला २०१२ साल उजाडलं. जपान आणि फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी मिळून ते शोधलं. गुलाबात एक जनुक असतं, ज्याचं काम फुलायला थांबवणं. आपल्या कुंडलिकेचं बघा. भिऱ्याच्या वीजघरातून मुळशीचं पाणी सुटलं की नदी भरते आणि राफ्टिंगच्या होड्या निघतात. दार पडलं की पात्रातले दगड उघडे होतात. रानगुलाबात हे जनुक त्या दारासारखं आहे. हंगाम आला की दार उचललं जातं, फुलं येतात. हंगाम सरला की दार खाली येतं आणि झाड नुसत्या फांद्या वाढवत बसतं. चिनी गुलाबात या दारातच एक ओंडका अडकला. दार खाली येईना. फुलं वाहतच राहिली.

हा ओंडका म्हणजे डीएनएचा एक तुकडा. जनुकांच्या माळेत काही तुकडे असे असतात की जे आपली नक्कल करतात आणि ती दुसरीकडे जाऊन बसते. अशा उड्या मारणाऱ्या जनुकांचा शोध पहिल्यांदा अमेरिकेच्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी लावला, मक्याच्या दाण्यांवरचे रंगीत ठिपके न्याहाळून. तेव्हा पुष्कळांना ते पटलं नाही. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, तेव्हा त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या. असाच एक तुकडा कधी काळी चीनमधल्या एका गुलाबाच्या ‘थांब’ म्हणणाऱ्या जनुकात जाऊन बसला. कुणा माळ्याने ते वेगळं झाड ओळखलं, जपलं, त्याच्या फांद्या लावल्या. आज जगात जे गुलाब पुन्हा-पुन्हा फुलतात, त्यांतल्या बहुतेकांत हा बदल आहे.

त्याहून नवल पुढे आहे. कधी कधी हा ओंडका निसटतो. बुटकं, सतत फुलणारं झाड अचानक एक लांबलचक फांदी टाकतं आणि वेल होऊन चढायला लागतं. फुलणं मात्र वर्षातून एकदाच. शास्त्रज्ञांनी अशा चढणाऱ्या गुलाबाचं जनुक तपासलं, तेव्हा अडकलेला तुकडा जवळजवळ सगळा निघून गेलेला आढळला, मागे फक्त त्याची एक खूण उरली होती.

थोरला आता विचारेल, ‘आपल्या मागच्या दारचा गुलाब जंगली झाला, तोही यामुळेच का?’ नाही रे, त्याचं कारण वेगळं, आणि ते तुला स्वतः तपासता येईल. नर्सरीतलं गुलाबाचं रोप एका झाडाचं नसतं. खाली खुंट असतो, चिवट मुळांच्या रानटी गुलाबाचा. त्याच्या सालीला टी आकाराची चीर देऊन हव्या त्या जातीचा एक डोळा आत बसवतात आणि पट्टीने बांधतात. याला डोळा भरणं म्हणतात. साल जुळली की डोळा फुटतो आणि खुंटाची मुळं त्याला पोसतात. पण खुंट जिवंतच असतो. आपण लक्ष दिलं नाही तर तो जोडाच्या खालून स्वतःचे फुटवे काढतो, ते जोमाने वाढतात आणि वरचा गुलाब उपाशी मरतो. जोड कुठे आहे ते बोटाने चाचपून बघ, तिथे गाठ लागेल. गाठीच्या खालून निघालेला फुटवा खुंटाचा. त्याच्या एका पानात बहुधा सात किंवा जास्त पर्णिका दिसतील, वरच्या गुलाबाच्या पानात पाच. फुटवा वरून कापू नकोस, मुळाशी जाऊन ओढून काढ.

हे करताना काटे लागतील, तर काट्याकडेही बघा. लिंबाचा काटा म्हणजे बदललेली फांदी, तो आतल्या लाकडातून येतो आणि सहज तुटत नाही. गुलाबाचा काटा सालीतून येतो. अंगठ्याने बाजूला दाबला की अख्खा निघतो आणि मागे नितळ डाग उरतो. वांग्याच्या देठावर काटे असतात ना, तेही याच जातीचे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की वांगं आणि गुलाब या दूरच्या दोन घराण्यांत काटे उगवण्यामागे एकाच कुळातली जनुकं आहेत. बिनकाट्याच्या वांग्यात ते जनुक बिघडलेलं असतं.

आता एक पूर्ण उमललेला, गच्च पाकळ्यांचा गुलाब घ्या. बाहेरून सुरुवात करा आणि एकेक पाकळी काढत मधल्या पिवळ्या केसरांपर्यंत जा. घाई करू नका. मध्याजवळ पोचलात की अर्धवट पाकळ्या हाती लागतील. एका कडेला गुलाबी पाकळी, दुसऱ्या कडेला चिकटलेली परागाची पिवळी पिशवी. म्हणजे ती पाकळी आहे की पुंकेसर? दोन्ही. रानगुलाबाला साधारण पाचच पाकळ्या असतात आणि मधे पुष्कळ पुंकेसर. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं फूल बघितलंत तर तेही तसंच पाच पाकळ्यांचं, कारण स्ट्रॉबेरी, सफरचंद, बदाम हे सगळे गुलाबाचे भाऊबंद. ‘इथे पुंकेसर होऊ दे’ असं सांगणाऱ्या जनुकाची हद्द भरगच्च गुलाबात आक्रसली आहे. हद्दीबाहेर पडलेले पुंकेसर पाकळ्या होतात. चीनमधल्या माळ्यांनी आणि युरोपातल्या माळ्यांनी, एकमेकांना न भेटता, हाच बदल निवडला होता.

वासाचंही असंच. मावळात, तळेगावच्या बाजूला, पॉलिहाऊसमध्ये वाढलेले गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातात. दिसायला देखणे, पण नाकाशी धरलात तर वास फारसा येत नाही. टिकाऊपणा, लांब दांडा, रंग यांसाठी जाती निवडताना सुगंध मागे पडला. २०१५ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी ‘पापा मेयाँ’ हा घमघमणारा गुलाब आणि जवळजवळ बिनवासाचा ‘रूज मेयाँ’ यांची तुलना केली. त्यांना फरक सापडला तो एका एंझाइमात. या कुळातली एंझाइमं सहसा पेशीतले घातक रेणू निकामी करतात. गुलाबाच्या पाकळीत मात्र त्यांतलं एक सुगंध तयार करण्याच्या कामाला लागलं आहे. इतर फुलं हाच सुगंधी रेणू दुसऱ्याच वाटेने बनवतात.

पोरांनो, हे सगळं शोधणारी माणसं कुणी आभाळातून पडलेली नव्हती. आपल्या शेजारच्या रोह्यात वाढलेला एक मुलगा घ्या. चिंतामणराव देशमुख. जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळच्या नाते गावात. मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री म्हणून सगळे त्यांना ओळखतात. पण केंब्रिजला ते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले आणि वनस्पतिशास्त्रात तिथलं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं. बागकामाची आवड त्यांनी आयुष्यभर जपली. आपल्याच तालुक्यातली लाल माती बघत वाढलेली नजर ती. दुसरं नाव डॉ. बी. पी. पाल. गव्हाच्या नव्या जाती काढणारे मोठे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. उरलेल्या वेळात त्यांनी आपल्या उन्हात तग धरतील असे गुलाब तयार केले. एका पांढऱ्या गुलाबाला त्यांनी डॉ. होमी भाभांचं नाव दिलं. चंडीगडला १९६७ साली झाकिर हुसेन गुलाब उद्यान झालं, तिथे आज कुणीही जाऊन असे गुलाब ओळीने बघू शकतं.

म्हणून मोठ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे. पुण्याच्या बागेत न्या मुलांना, जरूर न्या. पण कोलाडसारख्या गावातही शाळेच्या आवारात एक उंच वाफा करता येईल. त्यात पाच गुलाब लावा. एक देशी, एक एडवर्ड, एक लाल ग्लॅडिएटर, एक भिंतीवर चढणारा, आणि पाचवा नुसता खुंट, त्याच्यावर डोळा न भरलेला. प्रत्येकासमोर नावाची पाटी. कोण कधी फुललं, कुणाची पानं पावसात टिकली, कुणाला वास आला, याची वही मुलांनी ठेवावी. पावसाळा सोसणारा गुलाब कोणता, हे पुण्याच्या किंवा चंडीगडच्या बागेत कळणार नाही. ते कोलाडच्याच पोरांच्या वहीतून कळेल, आणि ऑक्टोबरची छाटणी हा ती वही सुरू करायला चांगला मुहूर्त आहे.